असल आणि तालीक : संगणकाची डिस्क आत असावी की बाहेर?

१/ आजचा धागा जरा निराळ्या विषयावर. जुनी कागदपत्रे स्कॅन करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो : साठवणीसाठी संगणकाच्या आत बसणारी इंटर्नल हार्ड डिस्क घ्यावी, की तारेने जोडायची एक्स्टर्नल? दुकानदार याचे उत्तर किमतीच्या आणि जीबीच्या भाषेत देतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र हा प्रश्न ओळखीचा वाटावा. स्मृती घरात ठेवावी की घराबाहेर, हा पेच माणदेशातील वतनदार आणि कारकून यांनी संगणकाच्या कितीतरी आधी सोडवला होता. ते उत्तर काय होते आणि डिस्कचा स्वतःचा इतिहास त्याला कसा दुजोरा देतो, ते पाहू.

२/ आधी एक उदाहरण ठरवून घेऊ. दहिवडी, म्हसवड किंवा आटपाडीकडच्या एखाद्या जुन्या घरात मोडी कागदांचा पेटारा आहे असे धरा. कागद एक हजार, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. म्हणजे दोन हजार छायाप्रती. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयला रंगीत आणि न दाबता साठवले, तर ते सुमारे २६ एमबी भरते. दोन हजार पानांचे झाले सुमारे ५२ जीबी. आजच्या कोणत्याही डिस्कच्या एका कोपऱ्यात ही सारी दौलत मावेल. तेव्हा प्रश्न आकारमानाचा उरत नाही. हे ५२ जीबी कोठे असावेत, किती ठिकाणी असावेत आणि कोणाबरोबर नष्ट होऊ नयेत, हा खरा प्रश्न.

३/ पूर्वी हे कागद कोठे असत? गावाचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. जमिनीचा हिशेब, वसुलाच्या नोंदी, हक्क-लवाजम्याचे कागद रुमालात बांधून फडताळात किंवा पेटाऱ्यात ठेवत. रुमाल म्हणजे कागदांचे गाठोडे बांधण्याचे चौकोनी कापड. पुढे त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणू लागले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद आजही रुमालांत मोजले जातात. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, गावच्या नोंदी पगारी तलाठ्याकडे गेल्या आणि दफ्तर घरातून चावडीत आले. घरोघरी उरले ते खाजगी कागद. आज आपण स्कॅन करायला निघतो ते बहुधा हेच.

४/ आता मुख्य मुद्दा. म्हसवडच्या माने घराण्यासारख्या आदिलशाहीपासूनच्या देशमुखांना किंवा एखाद्या देवस्थानाला जी सरकारी पत्रे मिळत, त्यांत शेवटी पुष्कळदा एक ठरलेली आज्ञा असे : कचेरीने या पत्राची तालीक लिहून घ्यावी आणि असल पत्र ज्याचे त्याला परत द्यावे. असल म्हणजे मूळ कागद, तालीक म्हणजे त्याची नक्कल. ही प्रथा पुढे मराठी राज्यातही चालत राहिली. मूळ पत्र वतनदाराच्या घरात, नक्कल सरकारच्या दफ्तरात. घराला आग लागली किंवा धामधुमीत पेटारा लुटला गेला, तर वतनदार दफ्तरातील नोंदीच्या आधारे नवे पत्र मागू शके. आत की बाहेर, असा पर्याय त्या कारकुनाने मांडलाच नाही. त्याने दोन्हीकडे ठेवले.

५/ बाहेरच्या साठवणीचे दुसरे रूप कागदी कचेरीहून सुंदर आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात फिरणारे हेळवी घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. बैल घेऊन ते ठरलेल्या गावांना येतात, आपल्या यजमान घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवतात, नव्या जन्मांची नोंद घेतात आणि पुढच्या गावाला जातात. घरातील म्हाताऱ्या माणसांबरोबर जी नावे गेली असती, ती घराबाहेरच्या, सतत हिंडत्या वहीत टिकतात. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हेळवी पुन्हा पुन्हा येतो, म्हणून त्याची वही ताजी राहते. जी बाहेरची प्रत कधी घरी येतच नाही, ती हळूहळू जुनी आणि अपुरी होत जाते.

६/ नक्कल नसलेल्या घरांचे काय होते, याचे उदाहरणही याच भागात आहे. गांधीहत्येनंतर १९४८ साली सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. माणदेशातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘वावटळ’ ही कादंबरी याच जाळपोळीवर लिहिली. त्या घटनेची चर्चा माणसांच्या विस्थापनाच्या अंगाने होते आणि ती तशीच व्हावी. इतिहासाच्या साधनांच्या अंगानेही तिच्याकडे पाहायला हवे. घर जळते तेव्हा फडताळे वेगळी वाचत नाहीत. ज्या कागदाची तालीक कोठेही नव्हती, तो कागद घराबरोबर संपतो. मग त्या गावाचा, म्हणजे त्या गावातील सर्व जातींच्या माणसांचा, तेवढा इतिहास मुका होतो.

७/ म्हणूनच संशोधकांनी कागद घराबाहेर काढायचा ध्यास घेतला. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढची अनेक वर्षे ते गावोगाव हिंडून दप्तरे पाहत राहिले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी कागद, चित्रे आणि वस्तूंचा मोठा संग्रह जमवला. या माणसांनी फडताळांतून उचलले नसते तर कितीतरी कागद वाळवीच्या पोटात गेले असते. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही प्रत्येक वेळी मूळ कागद एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, हे विसरून चालत नाही.

८/ त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. पारसनीसांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद सुरक्षित झाले, पण साताऱ्याच्या अभ्यासकाला साताऱ्याचे कागद पाहायला पुणे गाठावे लागले. आणि बाहेरची जागा तरी किती निर्धास्त? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि तेथील ग्रंथ व हस्तलिखितांचे नुकसान झाले. याउलट गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले. त्या छापील प्रती असंख्य ग्रंथालयांत पोहोचल्या. तो मजकूर आज एका इमारतीच्या नशिबाला बांधलेला नाही.

९/ आता डिस्ककडे वळू. तिच्याही इतिहासात हाच झोका दिसतो : कधी आत, कधी बाहेर. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक ही यंत्रणा जाहीर केली. तिच्यातील ३५० क्रमांकाचे साठवण-यंत्र ही पहिली व्यापारी हार्ड डिस्क. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनभर आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आपल्या मोडी पेटाऱ्यातील एकाच पानाच्या छायाप्रतीला अशी पाच-सहा कपाटे तरी लागली असती. ही डिस्क संगणकाच्या पेटीत मावण्याचा प्रश्नच नव्हता. ती शेजारी स्वतंत्र उभी असे. या अर्थाने पहिली हार्ड डिस्क ‘बाहेरची’च होती, पण ती हलवायला क्रेन लागे.

१०/ आपल्याकडे मालमत्तेचे दोन भेद करतात : स्थावर आणि जंगम. डिस्कच्या बाबतीत आत-बाहेर या शब्दांपेक्षा ही जोडी अधिक नेमकी आहे. रॅमॅक बाहेर होती, पण स्थावर. १९६२ साली आयबीएमच्या १३११ या यंत्राने तिला जंगम केले. त्यात सहा तबकड्यांची चळत काढता-घालता येई. चळतीवर झाकण ठेवायचे, मूठ धरायची आणि ती उचलून कपाटात ठेवायची. यंत्र एकच, चळती अनेक. कचेरीतील फडताळात मांडलेले रुमाल आणि वाचणारा एक कारकून, असेच हे चित्र. यंत्र बिघडले तरी माहिती हाती राही, कारण ती यंत्रात अडकलेली नव्हती.

११/ मग डिस्क पुन्हा आत का गेली? कारण धूळ. डिस्कवर वाचन करणारे शीर्ष तबकडीला टेकत नाही. फिरत्या तबकडीवरच्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगते. तबकडीवर जितकी दाट नोंद हवी, तितके शीर्ष जवळ आणावे लागते. १९७३ सालच्या आयबीएम ३३४० या ‘विंचेस्टर’ डिस्कमध्ये हे अंतर मानवी केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होते. एवढ्या फटीत धुळीचा कण म्हणजे दरडच. म्हणून तबकड्या आणि शीर्षे एकाच बंद कोशात ठेवण्यात आली. आजही फिरत्या तबकड्यांची प्रत्येक हार्ड डिस्क याच कुळातली आहे. ती उघडून पाहण्याचा मोह कधीही करू नये.

१२/ बंद कोश लहान होत गेला आणि संगणकाच्या पोटात शिरला. १९८० साली सीगेटची एसटी-५०६ ही सव्वापाच इंची, ५ एमबीची डिस्क आली. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क मुळातच आत बसवून मिळू लागली. जंगम साठवणीचे काम फ्लॉपीकडे गेले, जी १९७१ मध्ये आठ इंची आकारात आली होती. येथे एक वाटणी ठरून गेली, जी आजवर टिकली आहे : मोठे आणि वेगवान ते आत, लहान आणि हलवण्याजोगे ते बाहेर. आतली डिस्क कामाची जागा झाली. बाहेरची तबकडी हा त्या कामाचा निरोप दुसरीकडे पोहोचवणारा जासूद झाला.

१३/ महाराष्ट्रातील एका पिढीने ही वाटणी हातांनी अनुभवली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत संगणक-केंद्रे उघडली. तेथे साडेतीन इंची फ्लॉपी होती, क्षमता १.४४ एमबी. आपल्या एका मोडी पानाला अशा अठरा-एकोणीस फ्लॉप्या लागतील. पुढे ७०० एमबीची सीडी आली. संपूर्ण पेटाऱ्याला पंचाहत्तर सीड्या पुरल्या असत्या. त्या काळात घरोघरी लग्नाचे चित्रण, गावच्या जत्रेचे फोटो, भजनाच्या ध्वनिफिती सीडीवर उतरवल्या गेल्या. सीडी ही चिरंजीव वस्तू आहे असा समज होता. घरी नोंद करण्याच्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हाने, उष्णतेने, काळाने विटत जातो.

१४/ आणि मग सीडी वाचणारे यंत्रच घराबाहेर पडले. यूएसबी जोडणी १९९६ मध्ये आली. १९९८ च्या ॲपल आयमॅकने फ्लॉपीची खाच काढून टाकली. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये सीडी-डीव्हीडीची खाचही नव्हती. हवी असल्यास बाहेरची वेगळी घ्यायची. आज बहुतेक नव्या लॅपटॉपांची हीच स्थिती आहे. म्हणून घरात जुन्या सीड्या असतील, तर या बाबतीत निवड सरळ आहे : यूएसबीवर चालणारी बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावी. ती कोणत्याही संगणकाला जोडता येते आणि भावकीत, मित्रमंडळात फिरवता येते. मात्र ती घेऊन सीड्या बघत बसू नये. आधी सगळ्या सीड्या डिस्कवर उतरवाव्यात. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

१५/ आता हार्ड डिस्कची निवड, मुद्द्यांनिशी. पहिला मुद्दा वेगाचा. आतली साटा जोडणी सेकंदाला ६ गिगाबिट आणि यूएसबी ३.० ही ५ गिगाबिट वाहून नेऊ शकते. तबकडीची डिस्क स्वतः सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबीच देते, म्हणून तिच्यासाठी दोन्ही रस्ते पुरेसे रुंद आहेत. अडते ते यूएसबी २.० वर, तेथे प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी मिळतात. आपले ५२ जीबी तेथे पाऊण तासाच्या आत, सुमारे पंचवीस मिनिटांत उतरतील आणि ३.० वर सात-आठ मिनिटांत. छायाप्रती ठेवण्याच्या कामात हा फरक फार नाही. चित्रफितींचे संपादन रोज करायचे असेल, तर मात्र आतली वेगवान एसएसडी खरोखर उपयोगी पडते.

१६/ दुसरा मुद्दा विजेचा आणि हाताळणीचा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. म्हणून टेबलावरच्या मोठ्या बाह्य डिस्कला स्वतंत्र ॲडाप्टर असतो. नकला उतरत असताना वीज गेली की तीही बंद पडते. अडीच इंची लहान डिस्क लॅपटॉपच्याच विजेवर चालते आणि लॅपटॉपला बॅटरी असते. जेथे विजेचा भरवसा कमी, तेथे लहानच घ्यावी. तिचा शत्रू एकच : पडणे. चालू असताना बसलेला धक्का सर्वांत घातक, कारण तेव्हा शीर्ष तबकडीवर तरंगत असते. म्हणून ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा देऊन, तबकडी थांबल्यावरच ती उचलावी.

१७/ तिसरा मुद्दा आतल्या डिस्कच्या गुणदोषांचा. ती पडत नाही, हरवत नाही, तिची तार शोधावी लागत नाही. टेबलावरच्या संगणकात जागा असेल तर दुसरी आतली डिस्क बसवणे हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. लॅपटॉपांत बहुधा अशी जागा नसते. काहींत तर साठवण मुख्य फलकावरच डाखलेली असते. आणि आतल्या डिस्कचा मूळ दोष कोणत्याही किमतीला जात नाही. विजेचा लोट आला, संगणक चोरीस गेला, विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर आतल्या सर्व डिस्का एकाच वेळी जातात. पेटारा कितीही भक्कम असला तरी घर जळाले की पेटारा जळतो, हाच तो जुना नियम.

१८/ येथे बाहेरच्या डिस्कचे पारडे जड वाटते. पण तिच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. लॅपटॉप भरला की लोक बाह्य डिस्क आणतात, फायली तिच्यावर हलवतात, आतून पुसून टाकतात आणि ‘बॅकअप घेतला’ असे म्हणतात. तो बॅकअप नव्हे. ते स्थलांतर आहे. कागदाच्या बाबतीत स्थलांतराला इलाज नव्हता, कारण रुमाल एकच असतो. तो पुण्यात असला की साताऱ्यात नसतो. फाइलवर हे बंधन नाही. तिची हुबेहूब प्रत क्षणात होते आणि प्रत व मूळ यांत काडीचा फरक नसतो. अशा वस्तूला रुमालासारखे वागवणे म्हणजे नव्या साधनावर जुनी मर्यादा लादणे होय.

१९/ दुसरा गैरसमज असा : बाहेर म्हणजे पेटीच्या बाहेर. जी बाह्य डिस्क वर्षभर लॅपटॉपला जोडून त्याच टेबलावर असते, ती व्यवहारात आतलीच आहे. विजेचा लोट तिच्यापर्यंत पोहोचतो, विषाणू पोहोचतो, चोराचा हातही पोहोचतो. बाहेरपण हे अंतरावर ठरते. या बाबतीत माणदेश नशीबवान म्हणायला हवा. दुष्काळाने येथील माणसे दूर पाठवली. आटपाडी-खानापूर भागातील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर विखुरले आहेत. मुंबई-पुण्यात नातलग नाही असे घर विरळा. एक डिस्क घरात, तिची जुळी परगावच्या नातलगाच्या कपाटात. दिवाळीला किंवा जत्रेला माणूस गावी आला की डिस्का अदलाबदल करायच्या. हेळव्याची वही अशीच ताजी राहत असे.

२०/ ‘मग क्लाउड का नको?’ हा प्रश्न येणारच. क्लाउड हे बाहेरच्या बाहेरचे दफ्तर. ते जरूर वापरावे, पण दोन गोष्टी जाणून. पहिली, सेकंदाला ५ मेगाबिट वेगाने वर चढवायचे तर ५२ जीबींना अखंड २३ तास लागतात. दुसरी, ते भाड्याचे आहे. भाडे थकले की दफ्तर बंद. पारसनीसांच्या संग्रहाची गोष्ट आठवा : कागद सुरक्षित आहेत, पण आपल्याला भेटण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागते. म्हणून क्लाउडवरची प्रत ही जादाची प्रत मानावी. घरातील आणि नातलगाकडील डिस्कांची जागा तिला देऊ नये.

२१/ नक्कल केली म्हणजे काम संपले असेही नाही. जुना कारकून तालीक असलेशी ताडून पाहत असे. आपणही पाहावे. फायलींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का, अधूनमधून उघडलेली पाने नीट दिसतात का, हे तपासावे. जमल्यास प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडी ठसा, नोंदवून ठेवावा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. फायलींना ‘स्कॅन००१’ असली नावे न देता रुमालाचा क्रमांक, कागदाचा क्रमांक, पुढची-मागची बाजू अशी नावे द्यावीत. वर्षातून दोनदा प्रत्येक डिस्क जोडून पाहावी. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली तर तिच्यातील विद्युतभार झिरपू शकतो. पेटीत ठेवायला तबकडीची डिस्कच बरी.

२२/ एवढा खटाटोप कशासाठी? २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्रभर जुने अभिलेख उघडले गेले. मोडी वाचणाऱ्यांची गरज अचानक भासली आणि कोणे काळी कोणी कारकुनाने लिहिलेला एक शब्द हजारो कुटुंबांच्या दृष्टीने निर्णायक ठरला. त्या वादात कोणाची बाजू कोणती, हा या धाग्याचा विषय नाही. शिकण्याजोगी गोष्ट अशी की कोणता कागद कधी बोलू लागेल, हे तो ठेवणाऱ्याला ठाऊक नसते. तुमच्या घरच्या पेटाऱ्यात विहिरीच्या पाळीचा तंटा असेल, दुष्काळात गहाण टाकलेल्या बैलाचा कागद असेल. माणदेशाचा इतिहास दरबारी कागदांत थोडा आणि अशाच कागदांत अधिक आहे.

२३/ तर उत्तर. संगणकात आधीच एक डिस्क असते. ती कामाची जागा. म्हणून पहिला खर्च बाहेरच्या अडीच इंची डिस्कवर करावा, दुसरा तशाच आणखी एका डिस्कवर आणि आतली मोठी किंवा वेगवान डिस्क त्यानंतर. कामाची प्रत आत, एक बाहेरची घरात पण तार काढून, दुसरी परगावी. आणि छायाप्रती झाल्या म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नयेत. कागदाचा पोत, शाई, शिक्का यांची तालीक होत नाही. ते पुन्हा रुमालात बांधावेत आणि रुमालावर चिठ्ठी लावावी : याच्या प्रती कोठे कोठे आहेत. पुढच्या माणसाला शोध तेथूनच सुरू करता येईल.

धागा समाप्त.